नवीन ब्रुअरीने पहिल्याच वेळी निराश केलं, परत कधी जावं?

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा सांगते. शहराबाहेर नवीन मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारं छोटं ठिकाण) उघडली, तुम्ही चौघे मित्र मोठ्या हौसेने गेलात, लागरला (गारव्यात आंबवलेली साधी बिअर) लोण्यासारखा वास होता, आयपीए (कडू चवीची बिअर) काळपट आणि गोडसर लागली, व्हीट म्हणजे गव्हाची बिअर बरी होती, आणि वेटरला सांगितलं तर तो म्हणाला "क्राफ्ट बिअर अशीच असते सर". बिल भरपूर झालं. मित्र म्हणतायत परत पाय ठेवायचा नाही, तुम्हाला मात्र वाटतंय की आपल्या नाशिकमध्ये कोणीतरी हे करतंय तर अजून एक चान्स द्यावा. मग किती दिवसांनी जायचं, किती वेळा जायचं, आणि रिव्ह्यू आत्ताच टाकायचा का.

मी आधी दिंडोरी भागात वाईनरीच्या लॅबमध्ये होते, नंतर पुण्यात ब्रुअरीत क्वालिटीचं काम केलं आणि आता छोट्या ब्रुअऱ्यांना बिअर तपासून देणं, टॅपच्या लाईन लावून देणं हेच माझं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न मला रोज दुसऱ्या बाजूने दिसतो, म्हणजे बिघडलेली बिअर कुठे बिघडली हे शोधायचं. तुमची बिअर मी चाखलेली नाही म्हणून अमुकच झालं असं छातीठोकपणे सांगणार नाही, पण तुम्ही वर्णन इतकं नीट दिलंय की बराच अंदाज येतो.

पहिली गोष्ट, "किती दिवसांनी" असं मोजूच नका, बॅच मोजा, म्हणजे एका वेळी टाकीत बनलेली बिअर. तुमचे मित्र पुढच्या शनिवारी परत गेले असते तर त्यांनी बहुतेक तीच बिअर प्यायली असती, त्याच टाकीतली. समजा ५०० लिटरची टाकी आहे, तर अर्ध्या लिटरचे साधारण १००० ग्लास होतात, आणि जी बिअर कमी खपते तिची टाकी संपायला महिना सुद्धा लागतो. वाईनचं आपल्याकडे उलट आहे. द्राक्षं वर्षातून एकदा येतात, जानेवारी ते मार्च तोडणी, एखाद्या वर्षी वाईन जमली नाही तर सुधारायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. नाशिककरांना वाईनमुळे चाखायची सवय लागली ते फार चांगलं झालं, पण त्यासोबत अशी समजूतही झाली की एखाद्या ठिकाणाची चव म्हणजे कायमची चव. बिअरवाल्याला वर्षात दहा-बारा वेळा तीच रेसिपी परत करायची संधी मिळते. सुधारायचं असेल तर तो लवकर सुधारू शकतो, आणि सुधारला नाही तर तेही लवकर कळतं.

आता लोण्याचा वास. याच्यावर जरा थांबते कारण तुमचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्या वासाला डायअसिटिल म्हणतात. बिअर आंबवणारं यीस्ट साखर खात असताना डायअसिटिल तयार होतंच, त्यात कोणाची चूक नसते. पण काम संपता संपता तेच यीस्ट ते परत ओढून घेतं, फक्त त्याला वेळ आणि थोडी ऊब द्यावी लागते. लागर १०-१२ अंशाला आंबवतात, मग शेवटी तापमान १५-१६ च्या आसपास नेऊन दोन-तीन दिवस तसंच ठेवतात, याला डायअसिटिल रेस्ट म्हणतात. हे दोन-तीन दिवस खाल्ले, टाकी लगेच गार केली, की यीस्ट झोपतं आणि लोणी बिअरमध्येच राहतं. आणि नवीन जागी हे दिवस का खाल्ले जातात तर उद्घाटनाची तारीख छापून झालेली असते, टाक्या मोजक्या असतात, मालक रोज विचारतो कधी टॅप करायची म्हणजे नळाला लावून विकायला काढायची, आणि लागरला एकूण चार ते सहा आठवडे लागतात हे त्याला कोणी आधी नीट सांगितलेलं नसतं. तपासणं खरं तर सोपं आहे. थोडं सॅम्पल झाकण लावून ६० अंशाच्या गरम पाण्यात वीस-एक मिनिटं ठेवायचं, थंड करायचं आणि न तापवलेल्या सॅम्पलशेजारी ठेवून वास घ्यायचा. तापवलेल्याला लोण्याचा वास आला तर टाकी अजून तयार नाही. यासाठी महागडं मशीन लागत नाही, गॅस, पातेलं आणि नाक पुरतं. म्हणून लोण्याची लागर टॅपवर आली म्हणजे एकतर ही टेस्ट झाली नाही किंवा टेस्ट होऊनही घाई जिंकली.

पण लोण्याचं दुसरं कारणही असतं, आणि ते जास्त वाईट. टॅपच्या लाईनमध्ये (टाकीतून नळापर्यंत बिअर नेणारी नळी) किंवा टाकीत बॅक्टेरिया बसले की तेही डायअसिटिल बनवतात, आणि तेव्हा सोबत हलकी आंबट चव येते. लाईन साधारण दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याने धुवायला हव्यात, बिअर चालू आहे ना मग कशाला खर्च असं म्हणून अनेक ठिकाणी ते पुढे ढकललं जातं. मग फरक कसा ओळखायचा? नुसतं लोणी आणि फक्त एकाच बिअरला, तर घाई. लोणी अधिक आंबटपणा, किंवा दोन-तीन वेगवेगळ्या बिअरला एकसारखाच विचित्र वास, तर स्वच्छता. घाई एका बॅचमध्ये सुधारते. अस्वच्छता ही सवय असते, आणि सवय सुधारायला माणूस बदलावा लागतो किंवा त्याच्या डोक्यावर कोणीतरी बसावं लागतं. तुमच्या बाबतीत व्हीट बिअर बरी होती, म्हणून माझा कल घाईकडे आहे.

एक लक्षात घ्या, डायअसिटिलचा वास सगळ्यांना सारखा येत नाही. काहींना अगदी थोडा असला तरी लगेच जाणवतो, काहींना जवळजवळ येतच नाही. तेव्हा तुमच्यातला एखादा म्हणाला असेल "मला तर ठीक वाटली" तर तो खोटं बोलत नव्हता. पण हेच ब्रुअरच्या बाबतीत झालं तर पंचाईत, म्हणून चांगल्या ठिकाणी एकट्याच्या नाकावर सोडत नाहीत, दोघातिघांना वास घ्यायला लावतात.

आयपीएचं दुखणं वेगळं आहे. काळपट रंग, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वास गायब, वर मधासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा गोडवा, हे ऑक्सिजनचं काम. कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं तसंच समजा. टाकीतून केगमध्ये (बिअरच्या पिंपात) भरताना हवा शिरली, किंवा बिअर नुसतीच फार दिवस पडून राहिली. आपल्याकडे मी पाहिलंय त्यात व्हीट बिअर सगळ्यात आधी संपते कारण ती हलकी आणि फळासारखी लागते, नवीन माणसालाही आवडते, आणि कडू आयपीए सगळ्यात मागे राहते. म्हणून तुमची व्हीट चांगली आणि आयपीए थकलेली निघाली यात मला आश्चर्य वाटत नाही, एक ताजी होती आणि दुसरी बहुधा नव्हती. याचा अर्थ आयपीएला चान्स द्यायचा तर किती आठवडे गेले हे बघून उपयोग नाही, ती टॅप केव्हा झाली ते बघा. बहुतेक ठिकाणं नवीन टॅप लागला की इन्स्टावर टाकतात. त्यानंतरच्या आठवड्यात जाऊन प्या. पहिल्या आठवड्यातही ती काळी आणि पुठ्ठ्यासारखी असेल तर भरतानाच गडबड आहे, आणि मग तिथली आयपीए सोडून द्या, बाकीचं प्या.

अजून काही वास सांगून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी ओळखता येतील. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी काढली, पुन्हा घाईच. शिजलेल्या कोबीचा किंवा उकडलेल्या मक्याचा वास असेल तर उकळणं कमी पडलं किंवा नंतर गार करायला फार वेळ गेला. औषधाच्या पट्टीसारखा वास आला तर पाण्यातलं क्लोरिन नीट काढलेलं नाही, नळाच्या पाण्यात क्लोरिन असणारच, ते कार्बन फिल्टरने काढणं ब्रुअरीचं काम. जुन्या चीजसारखा वास म्हणजे हॉप्स जुने किंवा गरमीत ठेवलेले, आणि हे पुढच्या बॅचमध्ये सुधारेलच असं नाही, कारण हॉप्स जवळपास सगळे बाहेरून येतात आणि स्टॉक एकदम घेऊन ठेवलेला असतो, तो संपेपर्यंत तसंच चालतं. घशाला स्पिरिटसारखी गरम लागणारी बिअर म्हणजे आंबवताना तापमान वर गेलं. एलचं, म्हणजे आयपीए-व्हीटसारख्या बिअरचं यीस्ट साधारण १८-२० अंशाला सुखात असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४० असतं, चिलर लहान घेतला असेल किंवा लाईट गेल्यावर जनरेटरवर चिलर जोडलेला नसेल तर टाकीचं तापमान हातातून जातं. म्हणून तुम्ही उन्हाळ्यात गेला असाल तर मी त्या ठिकाणाला पावसाळ्यानंतरचा एक चान्स नक्की देईन, आणि उलट डिसेंबरच्या थंडीतही बिअर घशाला अशी गरम लागली तर हवामानाची सबब चालणार नाही.

आणि ज्या गोष्टी दोष नाहीतच त्याही आधी वेगळ्या काढा. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास असायलाच हवा, तो यीस्टचा आहे. ती गढूळ असते तशीच प्यायची. काही बिअर मुद्दाम आंबट करतात, मेनूत सावर किंवा गोझं लिहिलेलं असतं. आपल्यातले बरेच जण बाटलीतल्या स्ट्राँगवर वाढलेत त्यामुळे साडेचार-पाच टक्क्यांची बिअर पाणचट वाटते, ती ब्रुअरीची चूक नाही. आवडली नाही आणि बिघडलेली आहे यात फरक आहे. आवडली नाही तर दुसरी स्टाईल घ्या, त्याच्यासाठी दुसऱ्या चान्सचा विचार करायची गरजच नाही.

आतापर्यंतचं तुमच्यासाठी जुळवून सांगते. लागरला घाई झाली असावी, ती नव्या बॅचनेच सुधारेल, आणि जुनी टाकी संपणं अधिक नवी तयार होणं धरलं तर दोन महिने तरी जाऊ द्या. आयपीएसाठी टॅपची तारीख बघा. व्हीट चांगली होती, म्हणजे यीस्ट आणि पाणी हाताळायची किमान अक्कल तिथे आहे. या तिन्हीवरून मी म्हणेन हो, परत जा.

पण मला बिअरपेक्षा त्या वेटरचं वाक्य जास्त खटकलं. "क्राफ्ट बिअर अशीच असते." बिघडलेली बॅच प्रत्येक ब्रुअरीत कधी ना कधी होते, जगात सगळीकडे होते. ती गिऱ्हाईकाला देऊन वर हेच खरं असं सांगणं, हे मला सहन होत नाही. कारण तुमच्यासोबत जो पहिल्यांदा क्राफ्ट बिअर पीत होता तो आता आयुष्यभर समजणार की क्राफ्ट म्हणजे लोण्याच्या वासाची महाग बिअर, आणि परत बाटलीकडे जाणार. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा गिऱ्हाईकाला व्हीट बिअर गढूळ का असते इथपासून समजवावं लागणार होतं. आपल्याकडे सुला वाईनरीची पहिली वाईन २००० साली आली, आणि आज गंगापूर धरणाकडे फिरायला गेलेला घरगुती माणूससुद्धा ग्लास फिरवून वास घेतो. ही सवय चाखायला देऊन, समजावून, विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन लागते. एका खोट्या उत्तराने ती मोडते.

तरी वेटरला मी लगेच दोषी धरत नाही. त्याला कोणी शिकवलेलंच नसेल, गेल्या महिन्यापर्यंत तो दुसऱ्या हॉटेलात पनीर टिक्का वाढत असेल. म्हणून दुसऱ्या भेटीत वेटरशी वाद न घालता विचारा की ब्रुअर आहेत का, किंवा मॅनेजरला दोन मिनिटं बोलवा. शनिवारी रात्री हे करू नका, तेव्हा कोणालाच उसंत नसते. गुरुवारी संध्याकाळी सातच्या आसपास जा. सोमवार-मंगळवारी सहसा गर्दी नसते पण बिअर लाईनमध्ये तशीच उभी राहिलेली असते, पहिले एक-दोन ग्लास त्यामुळेच वाईट लागू शकतात.

तिथे गेल्यावर आधी खाऊ नका. तिखट चखणा पोटात गेला की नाक-जीभ काही सांगत नाही. लहान टेस्टर मागा, कुठलीही धड ब्रुअरी देते. सुरुवात सगळ्यात साध्या बिअरने करा, लागर किंवा ब्लाँड, कारण तिच्यात लपवायला जागा नसते. आंबा, मिरची, कॉफी घातलेल्या बिअरवरून ब्रुअरीची परीक्षा करू नका, त्यात अर्धं घातलेल्या मालाचं असतं. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटलेले दिसले किंवा फेस लगेच बसला तर ग्लास तेलकट आहे किंवा साबण राहिलाय, शांतपणे दुसरा ग्लास मागा आणि मगच मत बनवा. बिअर फार गार असेल तर पाच मिनिटं तळहातात धरून ठेवा, गारव्यात दोष लपतात, विशेषतः लोणी, थोडं कोमट झाल्यावर ते वर येतं.

आणि मग नेमकं बोला. "बिअर बकवास आहे" म्हटलं तर समोरचा माणूस बचाव करायला लागतो. "मागच्या वेळी लागरला लोण्याचा वास होता, ही नवीन बॅच आहे का" म्हटलं तर जो खरा ब्रुअर आहे त्याचे कान टवकारतात. मी कित्येक ब्रुअरना ओळखते ज्यांना गिऱ्हाईकाने असं सांगितलेलं आवडतं, ते स्वतः ग्लास भरून आणतात, वास घेतात, चेहऱ्यावर दिसतं की त्यांना कळलंय. उत्तर काय येतं त्यावर माझा निम्मा निर्णय असतो. "हो, ती बॅच घाईत निघाली, आम्ही टॅप काढला" असं कोणी म्हणालं तर मी त्या ठिकाणी डोळे मिटून परत जाते, त्या दिवशी बिअर कशीही असो, कारण ४००-५०० लिटर ओतून देणं म्हणजे मालकाच्या पैशावर पाणी सोडणं आणि ते ज्याने केलं त्याला बिअरची कदर आहे. "बघतो" म्हणून मुकाट ग्लास बदलून दिला तरी चालेल. पण दोन महिन्यांनी, नवीन बॅचवर, ब्रुअर किंवा मॅनेजर स्वतः म्हणाला की अशीच असते, तर उठा. तिथे तिसरी वेळ नको.

किती वेळा जायचं याचं माझं साधं धोरण आहे. दुसऱ्या वेळी तोच दोष त्याच बिअरमध्ये भेटला तर थांबायचं, म्हणजे तिथे कोणाला वास येत नाही किंवा येऊनही फरक पडत नाही. दुसऱ्या वेळी जुना दोष गेला आणि नवीनच काहीतरी निघालं, समजा लागरचं लोणी गेलं पण थोडी कोवळी वाटली, तर मी तिसऱ्यांदा जाते. ऐकायला उलटं वाटेल पण नवीन दोष म्हणजे कोणीतरी काहीतरी बदलून बघतंय, शिकतंय. नव्या सेटअपवर पहिल्या काही बॅच अशाच जातात, चिलर किती वेळ घेतो, तिथलं पाणी त्या रेसिपीला कसं वागतं, हे भांडं वापरल्याशिवाय कळत नाही. उघडून सहा महिने झाल्यावर मात्र मी ही सवलत देत नाही.

काही गोष्टींना मी एकही चान्स देत नाही तेही सांगते. घाणेरडे ग्लास परत परत येणं, लाईनमधली आंबलेली बिअर माहीत असून विकणं, संपलेल्या बिअरच्या नावाखाली दुसरीच बिअर देणं, आणि अर्धा लिटर म्हणून कमी भरणं. यात बॅचचा काही संबंध नाही, यात नियत दिसते.

"आपल्या गावचं आहे म्हणून" या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. इथे चांगली बिअर बनावी असं मलाही मनापासून वाटतं, नाहीतर ज्याला हे काम शिकायचंय तो प्रत्येक पोरगा पुण्या-मुंबईला जातो. पण गावचं म्हणून वाईट बिअर गप्प बसून पिऊ नका. तुम्ही गप्प बसून बिल भरलंत तर मालकाच्या हिशोबात ती लागर हिट आहे, आणि ज्या ब्रुअरला अजून चार दिवस हवे होते त्याचं म्हणणं मालक पुढच्या वेळीही ऐकणार नाही. तुम्ही सांगितलंत तर त्या ब्रुअरच्या हातात काहीतरी येतं.

मित्रांना आत्ता ओढू नका. दुसऱ्या वेळी चौघे जाऊन परत फसलात तर ते तुमच्यावर चिडतील आणि मग चांगली झाल्यावरही येणार नाहीत. तुम्ही आणि ज्याला लोण्याचा वास आला तो, असे दोघेच जा, येताना गाडी कोणी चालवायची ते आधी ठरवा किंवा कॅब करा. पटलं तर मग बाकीच्यांना न्या.

रिव्ह्यू दुसऱ्या भेटीनंतर टाका. त्यात कुठली बिअर, कोणत्या तारखेला, वास कसा होता, कोणाला सांगितलं आणि काय उत्तर मिळालं एवढं लिहा. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीत फरक पडला असेल तर तोही लिहा. तारीख असली की ब्रुअर आपल्या रजिस्टरमध्ये ती बॅच शोधून काढू शकतो, नुसत्या एका स्टारवरून त्याला काहीच शोधता येत नाही.